मेलेल्या यंत्राची साक्ष

१

कंपनीच्या निवेदनात त्या घटनेचे नाव 'पृष्ठभागाकडे झालेला अनियोजित प्रवाह' असे आहे. इतकी सोवळी भाषा मी पूर्वी फक्त जुन्या तहनाम्यांत वाचली होती. तिथेही जमीन कोणी घेतलेली नसते. ती आपण होऊन 'हस्तांतरित' झालेली असते.

घडले ते असे. फेब्रुवारीच्या अखेरीस वापोस तळ्याच्या उत्तर काठाची गोठलेली दलदल फुगली, तडकली आणि तिच्यातून उकळते पाणी आणि डांबर वर आले. स्प्रूसची झाडे मुळांकडून शिजत गेली. तळ्यावरचा बर्फ अर्ध्यापर्यंत काळा झाला. त्या जागेच्या खाली, खूप खोल, वाळूला चिकटून बसलेले डांबर आहे. कंपनी ते वाफेने वितळवते: एका आडव्या नळीतून वाफ आत जाते आणि तिच्याखालच्या दुसऱ्या नळीतून पातळ झालेले डांबर बाहेर येते. या सगळ्यावर चिकणमातीच्या खडकाचा एक थर कुकरच्या झाकणासारखा बसलेला आहे. ते झाकण धरून आहे की नाही, हे कळावे म्हणून तिथे एक निरीक्षण विहीर खणलेली होती आणि तिच्या तळाशी दाब मोजणारे यंत्र सोडलेले होते.

जमीन फुटल्यावर माणसे त्या विहिरीपाशी गेली, तेव्हा यंत्राची केबल कोणीतरी तोडलेली आढळली.

कोणी, हे ठरवायला कंपनीला फार वेळ लागला नाही. विहिरीपासून चालत जाण्याच्या अंतरावर व्हर्जिनी लिरोंडेल यांचे लाकडी घर आहे. सापळे लावण्याच्या दिवसांत त्या तिथे राहतात. सापळ्यांचा तो सगळा पट्टा सरकारदरबारी त्यांच्या नावावर आहे. मिंक, मार्टेन, बीव्हर असे केसाळ कातडीचे प्राणी पकडण्याचा हक्क त्यांचा. त्यांच्या आईचाही तोच होता. जानेवारीतल्या ज्या दिवशी केबल तुटली, त्या दिवशी कंपनीच्या हेलिकॉप्टर-चालकाने त्या घराच्या धुराड्यातून धूर निघताना पाहिला होता. व्हर्जिनी प्रकल्पाच्या विरोधात होत्या, हे तर सगळ्यांना ठाऊक होते. तेव्हा निष्कर्ष तयार होता: म्हातारीने केबल तोडली, कंपनी आंधळी झाली, आणि म्हणून जमीन फुटली. गुन्हा सिद्ध झाला तर पट्ट्याची नोंद रद्द. योगायोग असा की त्याच पट्ट्यावर कंपनीला आणखी विहिरी खणायच्या होत्या.

सुनावणी गावच्या सभागृहात व्हायची होती. गावाने व्हर्जिनींच्या बाजूने जाणकार म्हणून मला नेमले. मी विद्यापीठातली भूगर्भशास्त्राची नोकरी सोडून आईच्या गावी परतलेला माणूस आहे. गाव मला प्रोफेसर म्हणते. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे मी अजून मोजलेले नाही.

मी गावातल्या त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो तेव्हा व्हर्जिनी बॅनक या जाड भाकरीचे पीठ मळत होत्या.

"आंटी, त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"पट्ट्याच्या दक्षिण टोकाला. सापळे बघत."

"बरोबर कोण होतं?"

"एक मेलेला लिंक्स बोका. त्याला बोलव साक्षीला."

"धूर दिसला म्हणतात."

"दिसला असेल." त्यांनी पीठ तव्यावर थापले. "दुसऱ्या आठवड्यात मी रानातल्या घरी गेले तेव्हा चुलीत राख होती. माझी नव्हती. मी कोणाला बोलले नाही. बोलून काय, म्हातारी बनवून सांगते म्हणाले असते."

"घराला कुलूप नव्हतं?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की विद्यापीठात काढलेली सगळी वर्षे मला वाया गेल्यासारखी वाटली. रानातल्या घराला आमच्याकडे कुलूप लावत नाहीत. वादळात सापडलेला माणूस दार ढकलून जगतो. कुलूप असेल तर दारात मरतो.

"माझ्या चुलीपाशी कोणीतरी बसलं होतं, प्रोफेसर," त्या म्हणाल्या. "मी नव्हते. ते कोण ते तू शोध. नाहीतर माझी जमीन गेली."

२

प्रकल्पाचे प्रमुख वेस्ली थॉर्बर्न हे अत्यंत सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी मला कॉफी दिली आणि माझा एक जुना निबंध वाचल्याचे सांगितले. तो त्यांनी खरोखरच वाचला होता. कोणत्या थराला किती दाब सोसतो, हे त्यात होते.

"मला व्हर्जिनीबाईंबद्दल आकस नाही," ते म्हणाले. "त्यांचं दुःख मी समजू शकतो."

"दुःख समजून घेण्यात तुमची कंपनी नेहमीच पुढे असते."

"तुमचा राग रास्त आहे, प्रोफेसर. पण आमच्याकडे आकडे आहेत."

त्यांनी आलेख दाखवला. झाकणाच्या थरातला दाब डिसेंबरपासून चढत होता. थोडा चढे, थोडा उतरे, पुन्हा जास्त चढे. जानेवारीतल्या त्या दिवसापासून मात्र रेषा आखून ओढल्यासारखी सरळ झाली होती, थेट जमीन फुटेपर्यंत.

"केबल तुटली की आमची यंत्रणा शेवटचा आकडा धरून ठेवते," ते म्हणाले. "पडद्यावर सगळं ठीक दिसत राहिलं. आम्हाला कळलंच नाही. ही आमची शोकांतिका आहे."

"त्याआधी दाब चढत होता, ते दिसलं नाही?"

"ते यंत्र जुनं होतं. चुकीचं वाचत होतं, असं आमच्या तज्ज्ञांचं मत होतं."

मग त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतला पुरावा माझ्यापुढे ठेवला. हातभर लांबीची, विहिरीच्या बाजूची केबल. टोकावर काळी टेप गुंडाळलेली होती.

"कुऱ्हाडीचा घाव," थॉर्बर्न म्हणाले.

"आणि ही टेप?"

"दुरुस्तीवाल्यांनी लावली असेल नंतर."

मी परवानगी मागितली. त्यांनी उदारपणे दिली. टेप सोडवायला कष्ट पडले नाहीत, कारण तिचे शेवटचे टोक दुमडून ठेवलेले होते, पुढच्या माणसाला नखाने धरता यावे म्हणून. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवलेला. आत तांब्याच्या तारा एका पातळीत कापलेल्या. कुऱ्हाडीने तार चेपते. ही चेपलेली नव्हती. आणि तांबे नव्या भांड्यासारखे चकाकत होते.

 ती केबल उघडी पडून आठवडेच्या आठवडे बर्फाखाली राहिली असती, तर तांबे काळे पडले असते. ते तसे पडले नव्हते. म्हणजे टेप नंतर लावलेली नव्हती. केबल तोडली त्याच दिवशी लावलेली होती.

ज्याने घाव घातला होता, त्यानेच मलमपट्टी केली होती.

३

जमीन फुटल्यापासून तो भाग बंद होता. आत जायला कंपनीचा माणूस बरोबर हवा. कंपनीने दिला तो रेमी: व्हर्जिनींचा भाचा, आणि कंपनीचा 'पर्यावरण निरीक्षक'. हे पद म्हणजे गावातल्या एका तरुणाला पगार देऊन त्याच्या केशरी जाकिटावर गावाचे नाव शिवणे. रेमीला हे माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

स्किडूवर, म्हणजे बर्फावर रबरी पट्ट्याने पळणाऱ्या गाडीवर, त्याच्यामागे बसून मी निघालो. निरीक्षण विहिरीपाशी मी उतरलो. पाईन-स्प्रूसमधून कापलेल्या अरुंद वाटेने हिवाळ्यात इथे फक्त स्किडूच येते. ट्रक येत नाही.

"रेमी, केबल तुटली त्या दिवसानंतर इथे सगळ्यांत आधी कोण आलं?"

"माहीत नाही."

"माग होते का बर्फात?"

"नव्हते."

"बर्फ नवा पडला होता?"

तो दुसरीकडे पाहू लागला. त्या आठवड्यात बर्फ पडलाच नव्हता; इतक्या थंडीत पडत नाही. बर्फ नवा नसेल आणि माग नसतील, तर ते पुसलेले असतात.

"रेमी, आंटीची जमीन जाते आहे."

"म्हणून तर पुसले," तो म्हणाला. "धूर मलाही दिसला होता. मी आलो तर केबल तुटलेली आणि घरापासून विहिरीपर्यंत पावलं. मला वाटलं, केलं म्हातारीनं. फांदी घेतली आणि सगळं झाडलं. स्किडूचा मागसुद्धा."

"कसला होता स्किडूचा माग? तिच्या गाडीचा?"

 त्याने हातमोजा काढून डोळ्यांवरून हात फिरवला.

"रुंद होता," तो म्हणाला. "आंटीची गाडी जुनी, अरुंद पट्ट्याची. तो कंपनीच्या गाडीचा होता. मी बघितलं, प्रोफेसर. बघितलं आणि कळलं नाही. मला नुसतं पुसायचं होतं."

 मायेने केलेल्या नाशाची शिक्षा माया स्वतःच करते. तिथे प्राध्यापकाची गरज नसते.

घरात गेलो. एक खाट, एक लोखंडी चूल, भिंतीला टांगलेल्या सापळ्यांच्या चौकटी. चुलीशेजारी पुढच्या माणसासाठी सरपण ठेवलेले होते. ही आमची रीत: जाताना पुढच्यासाठी कोरडे लाकूड आणि पेटवण मांडून जायचे, कारण पुढचा येईल तेव्हा त्याची बोटे वळत नसतील. सरपण नेहमीचे होते. पेटवणाची बर्चची साल मात्र नव्हती. तिच्या जागी एक काठी उभी करून ठेवली होती. तिच्या अर्ध्या भागावर चाकूने बारीक, लांब सालपे काढलेले होते, पण एकही सालपा काठीपासून तोडलेला नव्हता. सगळे वळून, गुंडाळून तिलाच चिकटून राहिले होते. लाकडाचे फूल उमलावे तसे.

"हे आपल्याकडे कोण करतं?" मी विचारले.

रेमीने ते हातात घेऊन फिरवून पाहिले.

"कोणी नाही," तो म्हणाला. "आपल्यात कोणीच नाही."

४

"मी फुलं करत बसत नाही," व्हर्जिनी म्हणाल्या. त्यांनी ती काठी टेबलावर ठेवली आणि तिच्याभोवती कप मांडले, जणू तीही चहाला आली होती. "बर्चची साल असताना कोण इतकी मेहनत करेल?"

"ज्याच्या गावाकडं तशीच रीत आहे तो."

"सांग मग. विद्यापीठात शिकवायचास तसं नको, माणसाला सांगतात तसं सांग."

मी सांगितले. केबल तोडणारा माणूस तारांचा कारागीर होता, कारण तार सपाट कापली होती आणि टेप शिस्तीत गुंडाळली होती. पण उणे पस्तीसात टेप वाळल्या सालीसारखी ताठ होते, चिकटत नाही. ती ऊबेला धरावी लागते. स्किडूवर ऊब नसते. म्हणून तो तुमच्या घरात आला आणि त्याने चूल पेटवली. धूर टेपेसाठी होता.

"घरून खिशात गरम ठेवून आणली असती," व्हर्जिनी म्हणाल्या.

"बरोबर. म्हणजे त्याने आधी ठरवलं नव्हतं. विहिरीपाशी आल्यावर ठरवलं."

त्या विचारात पडल्या. "आणि केबल बिघडवायची तर तिची काळजी कशाला?"

"हाच तर मुख्य प्रश्न आहे, आंटी. तिच्यात पाणी जाऊ नये, ती पुन्हा जोडता यावी, असं त्याला वाटत होतं. तो शत्रू नव्हता. तुमचाही नाही, यंत्राचाही नाही. टेपेचं टोक त्याने दुमडून ठेवलं, पुढच्याला सोपं जावं म्हणून. इथे सरपण ठेवलं, तेही पुढच्यासाठी. दोन्ही ठिकाणी एकच स्वभाव आहे."

"मग तो आपल्यातलाच."

"आपल्यासारखा. ही काठी पूर्वेकडच्या बेटावरची आहे. तिथले लोक हिला बाविन म्हणतात. मी वाचलं होतं, पाहिलं आज. त्यांच्याकडेही रानात कुलूप नसतं."

"कंपनीच्या कामगारांचा अर्धा कॅम्प तर बेटावरचाच आहे."

"हो. पण यंत्रांच्या तारा बघणारी जागा एकच. ती दोघं वाटून घेतात: एक इथे असतो तेव्हा दुसरा घरी. एकच काम, एकच खाट, आणि वर्षानुवर्षं एकमेकांची गाठ नाही. त्या आठवड्यात त्यातला एक सुट्टीवर, दूर दक्षिणेत आपल्या घरी होता; तो बेटावरचा नाही. दुसऱ्याचं नाव अँब्रोज कीपिंग."

व्हर्जिनींनी चहा ओतला. "नाव छान आहे," त्या म्हणाल्या. "बिचाऱ्याचं."

५

कॅम्पच्या भोजनगृहात शिरताना दारात बूट काढावे लागतात. त्यामुळे पृथ्वीचे पोट उकळवणारे ते शेकडो पुरुष दुपारी मोज्यांवर, देवळात आल्यासारखे वावरत असतात. अँब्रोज कीपिंग खिडकीपाशी वाटाण्याचे सूप पीत बसले होते. साठी ओलांडलेला, लाल कानांचा माणूस. त्यांच्या मोज्याला अंगठ्यापाशी दुसऱ्या रंगाच्या लोकरीचे रफू होते.

मी समोर बसलो आणि काठी टेबलावर ठेवली.

त्यांनी चमचा खाली ठेवला. काठी उचलली. डोळ्यांजवळ नेली.

"वाकडं झालंय," ते म्हणाले. "बोटं गारठली होती माझी."

मी एवढ्या तयारीने गेलो होतो. माझ्याजवळ तांबे होते, टेप होती, तीन पायऱ्यांचा युक्तिवाद होता. त्यातले काहीच लागले नाही. खोटे बोलण्यापेक्षा त्या माणसाला वाकड्या कामाची लाज जास्त होती.

"का तोडलीत?" मी विचारले.

"तू दगडांचा मास्तर ना, पोरा?" त्यांच्या बेटावर आजोबांनाही पोरा म्हणतात. "मग तुला कळेल. दाब चढत होता. मी थॉर्बर्नला सांगितलं. ते म्हणाले, यंत्र बिघडलंय. मी दुसरं यंत्र लावून तपासलं, बरोबर होतं. पुन्हा सांगितलं. म्हणाले, अँब्रोज, तज्ज्ञ बघतायत. तज्ज्ञ दूर शहरात बसतात, त्यांना इथला दाब कसा दिसणार? त्यांना थॉर्बर्न दिसतात."

"म्हणून यंत्रच तोडलंत?"

"परवान्यात एक ओळ आहे. निरीक्षण विहिरीचा संदेश बंद पडला तर तो परत येईपर्यंत वाफ कमी करायची. तिथं तज्ज्ञ नाही, मत नाही, काही नाही. सरळ हुकूम." त्यांनी सूप ढवळले. "जिवंत यंत्र ओरडलं तर हे लोक त्याच्याशी वाद घालतात. मेलेल्याशी वाद घालता येत नाही. त्या दिवशी मी विहिरीपाशी गेलो, आकडा बघितला, आणि तारा कापायची पक्कड काढली. म्हटलं, मेलेलं बरं."

तर केबल काही लपवण्यासाठी तोडली नव्हती. सूड म्हणूनही नव्हे. एका पापभीरू माणसाने यंत्राचा गळा एवढ्यासाठी कापला होता की निदान त्याच्या मरणाचा तरी मान राखला जाईल. मी अनेक ग्रंथ वाचले आहेत; संस्थेचे इतके नेमके वर्णन मला कुठे आढळले नव्हते.

"आणि मग?"

"तिथूनच रेडिओवर कळवलं. संदेश बंद पडला, वाफ उतरवा. थॉर्बर्न म्हणाले, ठीक आहे. मी बाईच्या घरात टेप गरम केली, टोकं बांधली. संध्याकाळी कॅम्पात आलो, पडद्यावर बघतो तर सरळ रेषा."

"ती यंत्रणा आपोआप धरते, म्हणाले ते."

"यंत्र मेलं की आपला पडदा रिकामा होतो, पोरा. कायम. सरळ रेषा यायला कोणीतरी बसून आकडा टाकावा लागतो." त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. प्रकल्पाच्या धुराड्यांवरून वाफेचे पांढरे खांब उभे होते. "ते खांब हातभरसुद्धा उतरले नाहीत."

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"कोणाशी? मी काय म्हणणार, कापली मी, पण वाफ तुम्ही उतरवली नाहीत?" त्यांनी वाडगा बाजूला सारला. "रोज वाटायचं उद्या सांगू. मग जमीन फुटली. मग ते त्या बाईचं नाव घेऊ लागले. तेव्हापासून मला सूपसुद्धा गोड लागत नाही. उद्या सुनावणीत मी बोलतो. तू माझं नाव घेऊ नको. मला ते स्वतः सांगू दे."

६

व्हर्जिनींना सुनावणीआधी अँब्रोजना भेटायचे होते. सभागृहाच्या मागच्या स्वयंपाकघरात, सकाळी, चहाच्या मोठ्या भांड्यापाशी ती भेट झाली.

"माझ्या चुलीपाशी तुम्ही बसलात," व्हर्जिनी म्हणाल्या.

"बसलो, बाई. विचारायला कोणी नव्हतं."

"विचारायचं नसतंच." त्यांनी कप पुसला. "घरी कोण आहे तुमच्या?"

"बायको. आणि तिची आई. दोघी मिळून मला रागावतात."

"आता आणखी रागावतील."

"कारण तरी चांगलं मिळेल त्यांना."

व्हर्जिनींनी त्यांच्याकडे नीट पाहिले. "मी तुम्हाला गप्प बसा असं म्हणणार नाही. म्हणायला हवं, कदाचित. माझी आई म्हणाली असती. पण मला माझी जमीन हवी आहे."

"म्हणू नका. म्हणालात तर मी ऐकेन, आणि मग आयुष्यभर झोपणार नाही."

"साखर?"

"तीन चमचे."

"तीन?"

"यापुढे कुठं मिळेल न मिळेल, बाई."

सुनावणीच्या अध्यक्षा शहरातून आल्या होत्या. शांत, थकलेल्या बाई. अँब्रोज उभे राहिले आणि त्यांनी सगळे सांगितले. कुठेही आवाज चढला नाही. रेमीने पुसलेल्या मागाबद्दल सांगितले. मी तांब्याबद्दल सांगितले. गावातले लोक खुर्च्यांत पुढे सरकले. मला क्षणभर वाटले की सत्य नावाच्या गोष्टीला वजन असते.

"श्री. थॉर्बर्न," अध्यक्षांनी विचारले, "संदेश बंद झाल्याचं तुम्हाला त्याच दिवशी कळवलं गेलं होतं का?"

थॉर्बर्न यांनी वकिलाकडे पाहिले. मग अतिशय सौम्य आवाजात म्हणाले, "तसा एक तोंडी निरोप आला होता, हे आता मला आठवतं."

"परवान्यानुसार वाफ कमी करायला हवी होती."

"परवान्याच्या परिशिष्टात, तात्पुरत्या व्यत्ययात शेवटचा विश्वासार्ह आकडा वापरण्याची मुभा आहे. आम्ही ती घेतली."

"सहा आठवडे म्हणजे तात्पुरतं?" मी विचारले.

"तात्पुरतं या शब्दाची व्याख्या परिशिष्टात नाही, प्रोफेसर."

"आणि ज्या यंत्राला तुम्ही बिघडलेलं म्हणत होतात, त्याचा शेवटचा आकडा तुम्हाला विश्वासार्ह कसा वाटला?"

 मला वाटते, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला प्रश्न होता. वकिलाने उभे राहून सांगितले की तो प्रश्न या सुनावणीच्या कक्षेबाहेरचा आहे. अध्यक्षांनी कागद चाळले, चष्मा काढला, डोळे चोळले, आणि तो कक्षेबाहेरचाच असल्याचे दुःखाने मान्य केले. ही सुनावणी केबल कोणी तोडली, एवढ्यापुरतीच होती.

थॉर्बर्न जाताना अँब्रोजपाशी थांबले.

"प्रामाणिकपणाबद्दल आभार," ते म्हणाले. "खरंच सांगतो."

ते खरेच सांगत होते. बाहेरच्या म्हातारीने केलेला घातपात सिद्ध करायला कष्ट पडले असते. आपल्याच नोकराने कबूल केलेला घातपात आयता हाती आला होता.

७

निकाल वसंतात आला. बर्फ वितळत होता आणि तळ्याच्या काठाला काळी किनार उरली होती. व्हर्जिनी लिरोंडेल यांचा केबल तोडण्याशी संबंध नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. घटनेचे कारण: एका कर्मचाऱ्याची अनधिकृत कृती. आकडे हाताने भरण्याच्या प्रथेची नोंद घेतली असून तिचा पुनर्विचार व्हावा, अशी शिफारस. अँब्रोजवर खटला भरला गेला. तुरुंग झाला नाही; नोकरी गेली, आणि पुन्हा कोणत्याही प्रकल्पात पाऊल ठेवण्यास मनाई झाली. ते बेटावर परत गेले. धावपट्टीवर त्यांना निरोप द्यायला रेमी आणि मी होतो. व्हर्जिनींनी मूस या मोठ्या सांबराचे सुकवलेले मांस पाठवले होते. अँब्रोजनी ते कोटाच्या आत, छातीशी ठेवले आणि विचारले, "खाली अजून किती तापलेलं असेल, पोरा? तू सांग, तुला कळतं."

"वाफ बंद केली तरी कित्येक वर्षं," मी म्हणालो.

"आणि बंद केली नाही तर?"

 त्यांनी माझा खांदा थोपटला. त्या क्षणी दोघांत दिलासा मला हवा होता, हे त्यांना दिसले होते.

पट्ट्याची नवी नोंद टपालाने आली. व्हर्जिनींनी चष्मा लावला, काढला, आणि कागद माझ्याकडे दिला.

"वाच. मोठ्यानं."

मी वाचले. हक्क कायम. त्यांच्या पश्चात वारसाकडेही कायम. फक्त सुरक्षेच्या कारणास्तव काही क्षेत्र वगळलेले, तिथे प्रवेश निषिद्ध. सोबत नकाशा होता. वगळलेल्या भागावर तिरप्या रेघा मारल्या होत्या. त्यांत वापोस तळे होते, दोन्ही काठ होते, घर होते. रेघांबाहेर दक्षिणेचे टोक उरले होते आणि त्याला जोडणारी एक चिंचोळी पट्टी. कुंपण घालण्याचे काम कंपनीला दिले होते.

व्हर्जिनींनी नकाशावरून बोट फिरवले. घराच्या जागेवर ते थांबले नाही. पुढे गेले, आणि परत आले.

"म्हणजे जमीन माझी," त्या म्हणाल्या. "मी जायचं मात्र नाही."

"हो, आंटी."

"मी तोडली नाही, हे तू सिद्ध केलंस."

"हो."

त्यांनी कागदाची घडी घातली. ती नीट बसली नाही. त्यांनी ती पुन्हा उघडून पुन्हा घातली.

"तोडायला हवी होती," त्या म्हणाल्या. "पहिल्याच वर्षी. नुसती केबल नाही, सगळंच. तेव्हा माझ्या हातात जोर होता."